वाचकांचे प्रश्न : धुरकट काच, बेदाण्याचं शेड आणि बंद फोल्डर

मागच्या महिन्यात याच पानावर मी एवढंच लिहिलं होतं की फोटो काढायच्या आधी दोन मिनिटं कॅमेरा खाली धरून नुसतं बघा. त्यावर बरीच पत्रं आली, निम्म्या लोकांना कुठला कॅमेरा घेऊ हे विचारायचंय, त्यांचं पुढच्या वेळी बघू. आज तीनच पत्रं घेतोय कारण ही तिन्ही डोक्यातनं जाईनात. नावं छापू नका असं तिघांनीही कळवलंय म्हणून फक्त गावं ठेवलीत.

सातारा

*सर, मी बँकेत नोकरीला आहे, वय ३९. तीन वर्षांपूर्वी मिस्टरांनी वाढदिवसाला डीएसएलआर घेऊन दिला. दर सप्टेंबरला आम्ही कासला जातो, यंदा ३८० फोटो काढले. सगळे म्हणतात भारी आलेत, वॉलपेपरला मागून घेतात. पण खरं सांगू का, मी बघायला बसले की वाटतं हे कुणीही काढले असते, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या कॅमेऱ्यात पण हेच असणार. यात मी कुठंय? दहा प्रिंट पाठवतेय. दहावी खरं तर चुकून निघालीय, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या गाडीतच बसल्या होत्या आणि आतून धुरकट झालेली काच पदरानं पुसत होत्या, फोकस पण गेलाय, दहा पूर्ण व्हाव्यात म्हणून टाकली. फोटोत स्वतःचं काहीतरी येतं म्हणतात ते नेमकं आणायचं कसं?*

ताई, तुमच्या दहाही प्रिंट चार दिवस टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, येता-जाता बघत होतो. पहिल्या नऊ स्वच्छ आहेत. सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा, पांढऱ्या गेंदांवर आलेलं ऊन, तेरड्याच्या पाकळीवरचा थेंब, मागचं सगळं कसं लोण्यासारखं पुसट झालंय, तंत्राला नाव ठेवायला जागा नाही. आणि तरी तुम्हाला त्यात तुम्ही दिसत नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंय, हे ओळखायला लोकांना वर्षं लागतात.

होतं काय बघा. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कास होतं, मग गर्दी वाढली, फोन आले, आणि आज तुम्ही पठारावर पाय ठेवायच्या आधीच कासचा फोटो तुमच्या डोक्यात तयार असतो, शंभर वेळा बघितलेला. मग आपण तिथं जाऊन डोक्यातल्या त्या फोटोशी समोरचं जुळतंय का एवढंच बघत फिरतो, जुळलं की बटण दाबतो आणि खूश होतो. तुमच्या शेजारची बाई पण तेच करत असते म्हणून तुमचे फोटो सारखे येतात. फुलांचा यात काही दोष नाही.

आल्फ्रेड स्टिग्लिट्झ नावाचा अमेरिकन फोटोग्राफर होता, १८६४ चा जन्म. माणसांचे पोर्ट्रेट असे काढायचा की लोक म्हणायला लागले याची समोरच्यांवरच काहीतरी मोहिनी आहे, म्हणून फोटो असे येतात. हे त्याला लागलं. मग १९२२ पासून त्यानं ढग काढायला घेतले, नुसते ढग, कारण ढग सगळ्यांना फुकट आहेत आणि ढगांवर कुणाची मोहिनी चालत नाही. पुढची काही वर्षं तो ते काढत राहिला, दोनशेच्या वर फोटो झाले. बऱ्याच फोटोंत क्षितिज नाही, झाड नाही, वर कुठली आणि खालची बाजू कुठली तेही कळत नाही. त्यांना त्यानं नाव दिलं त्याचा आपल्या भाषेत अर्थ साधारण ‘बरोबरीच्या गोष्टी’ असा होईल, म्हणजे माझ्या आत जे चाललंय त्याच्या बरोबरीचं काहीतरी बाहेर दिसलं, ते हे. आता ढग तर तुमच्या कासला पण आहेत आणि आमच्या सांगलीला पण. तेव्हा सगळ्यांना सारखंच मिळतं त्यातनं आपलं निघत नाही असं काही नाही, निघतं, पण त्याच्याशी बराच काळ बसावं लागतं.

आता दहावी प्रिंट. ती फार भारी आहे असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटं सांगून काय मिळणार. फोकस सासूबाईंवर नाही, काचेवरच्या पाण्याच्या थेंबांवर बसलाय, कारण ऑटोफोकसला जवळचं आणि ठळक जे मिळेल ते तो धरतो. वर आभाळाचं प्रतिबिंब पडून अर्धा चेहरा गेलाय. पण पुसलेल्या त्या वीतभर गोल जागेतून एक डोळा बाहेर बघतोय, पदराचं टोक मुठीत आहे, आणि काचेच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे प्रतिबिंबात, तुम्ही स्वतः कॅमेरा घेऊन उभ्या आहात आणि तुमच्या मागं ती सगळी फुलं. तुमच्या लक्षात आलं होतं का हे? मला तिसऱ्या दिवशी दिसलं. यात तुम्ही कुठंय हे तुम्ही विचारताय आणि नऊ प्रिंट सोडून दहाव्यात तुम्ही चक्क उभ्या आहात.

प्रतिबिंबात दिसताय म्हणून तो फोटो तुमचा, असं नाही म्हणत मी. त्या क्षणी तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की हे काढ. फुलांना पाठ करून तुम्ही गाडीकडं वळलात, का वळलात? त्या बिचाऱ्या इथवर येऊन आत बसल्यात हे मनात टोचत होतं म्हणूनच ना? ते टोचलं म्हणून बोट हललं, आणि ‘चुकून’ काढला असं तुम्ही म्हणता तो फोटो त्यामुळं चुकून निघालेला नाही.

माझी एक गोष्ट सांगतो. १९८४ मध्ये मी नुकता कॅमेरा हातात घेतला होता आणि मिरजेला मामांकडं राहायचो. मिरजेची सतार आणि तंबोरे सगळ्यांना माहीत आहेत. तिथल्या एका कारखान्यात मी महिनाभर रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. पहिल्या आठवड्यात अख्खा ३६ चा रोल संपवला, आढ्याला टांगलेले पंढरपूरकडनं आलेले वाळके भोपळे, रंगाचे डबे, भिंतीला टेकवलेले दांडे, असं सगळं. रोल धुऊन आणला तर सगळे फोटो कॅलेंडरवर असतात तसे. दुसऱ्या रोलला पैसे नव्हते म्हणून मग नुसता बसायला लागलो. दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की म्हातारे कारागीर भोपळा निवडताना त्याच्याकडं बघतच नाहीत, बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि मान अशी कलती करून कान जवळ नेतात, आणि तेवढ्या वेळात सगळा कारखाना गप्प होतो, पोरं पॉलिश घासायची थांबतात. इतके दिवस माझ्या डोळ्यासमोर चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं. पैसे जमवून रोल घेतला आणि तो कान काढला, नुसता कान, त्यावरचे पांढरे केस आणि बाजूला भोपळ्याची गोलाई. आयुष्यात पहिला माझा म्हणावा असा फोटो तो. त्या कॅमेऱ्याची लेन्स काही फार चांगली नव्हती.

म्हणून तुम्हाला काम देतो. पुढचा महिनाभर कास नाही, ठोसेघर नाही, फक्त सासूबाई आणि खिडकी. घरात त्या जिथं बसून बाहेर बघतात ती जागा शोधा, असणारच एक, गुडघे दुखणाऱ्या प्रत्येक माणसाची असते. त्यांना विचारा आधी, आई मी तुमचे फोटो काढते चालेल का म्हणून, आणि नको म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या तर रोज दहा मिनिटं तिथं बसा, त्यातली आठ कॅमेऱ्याशिवाय. फोकसचा एकच पॉइंट ठेवा आणि तो स्वतः डोळ्यावर न्या, कॅमेऱ्याला निवडू देऊ नका. लेन्सपुढं पोलरायझर नावाचा फिल्टर लावला तर काचेवरचं प्रतिबिंब बरंच मारता येतं, पण सध्या नका लावू, ते प्रतिबिंब तुमच्या कामाचं आहे. आणि महिना संपेपर्यंत कुणाला दाखवू नका, मिस्टरांना सुद्धा. भारी आलाय म्हणून कुणी म्हणालं की पुढचा फोटो आपण त्या माणसासाठी काढायला लागतो, हे मी पन्नास वेळा बघितलंय.

कासला जायचंच असेल तर एकदा मे महिन्यात जा. तेव्हा तिथं नुसता काळा-तांबूस जांभा दगड असतो, वर मातीचा पातळ थर, कुठं कुठं तोही नाही. तो कातळ उघडा बघितलात की कळेल की इथं मोठं झाड का उभं राहत नाही आणि ही बोटभर उंचीची फुलंच का येतात, सीतेची आसवं किंवा दवबिंदू यांना किडे का खावे लागतात, कारण त्या मातीत पोटाला काही मिळतच नाही. मग सप्टेंबरात तीच फुलं तुम्हाला वेगळी दिसतील. आणि एक हात जोडून सांगणं, हे तुम्हाला नाही, सगळ्यांनाच, फोटोसाठी फुलांत आडवं होऊ नका. एका सेल्फीत चटईएवढा पट्टा चेचला जातो आणि तिथं त्या सिझनला बी धरत नाही.

तासगाव तालुका

*काका, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची द्राक्षबाग आहे, बेदाणा पण करतो. माझ्याकडं १४ हजारांचा फोन आहे बस. मित्र म्हणतात ह्याच्यावर काय फोटो येणार आणि आपल्याकडं काढण्यासारखं तरी काय आहे, जायचं तर लडाखला. मला शेडमधले फोटो काढायचेत पण तिथं डोळ्याला जे दिसतं ते फोनमध्ये येतच नाही, रंग भलताच येतो. काय करू?*

अरे, रंगाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. शेडला बाजूनं हिरवी जाळी असते, त्यातनं आत येणारा उजेडच हिरवा असतो, आणि फोनला वाटतं काहीतरी बिघडलंय म्हणून तो बिचारा ते हिरवं काढून सगळं पांढऱ्यावर आणायला बघतो. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल, त्यात व्हाइट बॅलन्स आहे, तो ऑटोवरनं काढून उन्हाच्या खुणेवर ठेव. मग हिरवा उजेड हिरवाच राहील. दुसरं म्हणजे फोन सावल्या आपोआप उजळवतो, त्याला वाटतं सगळं दिसलं पाहिजे. स्क्रीनवर बोट दाबून धर, फोकस लॉक होईल, मग बोट खाली ओढ आणि अंधार कर, रॅकच्या मधल्या बोळात खरोखर जेवढा अंधार असतो तेवढा. बाया वाकून जाळीवर द्राक्षं पसरतात तेव्हा त्यांच्या हातावर एका बाजूनंच उजेड पडतो, तो उजेड मग दिसायला लागेल. आणि झूम करू नको, पाय उचल आणि जवळ जा. फोनची मेन लेन्स रुंद असते, लांबनं काढलंस की सगळं बारीक आणि लांब जातं.

लडाखचं म्हणशील तर प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचा माणूस होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, तरी मोठाले लाकडी कॅमेरे घेऊन फोटो काढायचा. दुसऱ्या महायुद्धात शहरात जर्मन सैन्य, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड, तर त्यानं १९४० पासून स्टुडिओच्या खिडकीतनं फोटो काढायला घेतले. काचेवरचं दव, बाहेरचं एक वाकडं झाड, काठावर ठेवलेला ग्लास. युद्ध संपलं तरी काढतच राहिला, १४ वर्षं. आणि आपल्याकडं सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचे फोटो काढले, वर्षानुवर्षं त्यांच्यात राहून, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. शहर रोज ज्यांच्या शेजारनं जातं आणि बघत नाही अशी माणसं होती ती.

तुझ्या शेडमध्ये कामाला येणाऱ्या बायांची नावं तुला माहीत आहेत, त्यातली कोण कुठल्या गावची, कुणाच्या पोराची दहावी आहे हे तुला माहीत आहे, लडाखला गेलास तर यातलं काहीही तुझ्याकडं नसेल. फेब्रुवारी-मार्चला काम जोरात असेल तेव्हा काढ, आणि त्यांना आधी विचार, आणि प्रिंट काढून दे त्यांना, फोनवर पाठवून सोडू नको. दहा-पंधरा रुपयाला प्रिंट निघते. प्रिंट हातात पडल्यावर त्या काय बोलतात ते मला कळव.

सांगली

*नमस्कार. हरभट रोडला आमचं दुकान आहे. २०१९ च्या पुरात दुकान पूर्ण पाण्यात गेलं. पाणी चढायला लागल्यापासून ओसरेपर्यंत मी फोनवर २१२ फोटो काढले, का काढत होतो माहीत नाही, सामान उचलायचं सोडून काढत होतो म्हणून भाऊ चिडला पण होता. त्यात वडलांचे काही आहेत, शेजाऱ्यांच्या माडीवर बसलेले. ते पुढच्या वर्षी गेले. तेव्हापासून तो फोल्डर मी उघडलेला नाही. नवीन फोन घेतला तरी जुना तसाच कपाटात ठेवलाय. बायको म्हणते त्रास होतो तर डिलीट करून टाका. थोरली बहीण पुण्याला असते, ती म्हणते मला तरी पाठव. मला दोन्ही जमेना. हे फोटो ठेवू का काढून टाकू?*

दादा, डिलीट करू नका. एवढं पहिलं ठरवून टाका, बाकीचं सावकाश.

आणि सामान उचलायचं सोडून फोटो काढत होतो याचं जे तुमच्या मनाला लागून राहिलंय ते पण खाली ठेवा. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४५ ला धोक्याची पातळी असते, तुम्ही आणखी चार पोती उचलली असती तर चार पोती वाचली असती, दुकान वाचलं नसतं. समोर असं काही घडतं की ते मावत नाही आपल्यात, तेव्हा काही माणसं ओरडतात, काही कामाला लागतात, आणि काहीजण बघत राहतात. कॅमेरा डोळ्याला लावला की बघत राहायला धीर येतो. मला हे माहीत आहे कारण २००५ ला माझा स्टुडिओ गावभागात होता आणि मी पायरीवर उभा राहून तेच करत होतो, निगेटिव्हचे खोके आत भिजत होते आणि मी बाहेर पाण्याचे फोटो काढत होतो.

न उघडण्याबद्दल. गॅरी विनोग्रँड नावाचा न्यूयॉर्कचा मोठा फोटोग्राफर, रस्त्यावरची माणसं काढायचा. तो काढलेले रोल मुद्दाम एक-दोन वर्षं धुवायचाच नाही. कारण त्याचं म्हणणं असं की फोटो काढताना मनात जे होतं ते बघताना आडवं येतं, ते विसरू दे, मग फोटोत काय आहे ते दिसेल. १९८४ ला तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले निघाले. त्याचं कारण वेगळं आणि तुमचं वेगळं हे मला कळतं, तुमच्या फोल्डरमध्ये वडील आहेत. पण फोटो काढणं आणि बघणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींच्या मध्ये किती वर्षं जावीत याचा काही नियम नाही, एवढं त्यातनं घ्या. तुमची अजून झाली नाहीत तर नाही झाली.

उघडावंसं वाटलं तर वडलांपासून सुरू करू नका. ज्यात माणूस नाही असे फोटो आधी बघा. तुम्ही काढले असणार, सगळ्यांनीच काढले होते, पाण्यात गेलेलं शटर, तरंगणारी बरणी, विजेच्या खांबावरची रेघ. दिवसाला पाच. बहिणीला फोनवर घ्या सोबत, ती मागतेच आहे. एकट्यानं बघू नका.

पूर ओसरल्यावर २०१९ ला माझ्याकडं महिनाभर लोक अल्बम घेऊन येत होते, लग्नाचे, बारशाचे, चिखलानं भरलेले. सोनं-नाणं राहू दे, एवढं काहीतरी करा म्हणायचे. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं, पाण्यात तो फुगतो, मऊ होतो, शेजारच्या फोटोला चिकटतो. तसाच गठ्ठा वाळला की संपलं, मग तो सुटत नाही. म्हणून आम्ही घरातली सगळी घमेली आणि टब काढून स्वच्छ गार पाण्यात गठ्ठे भिजत घालायचो आणि सुटेल तसा एकेक फोटो कडेला धरून काढायचो, तोंडावर बोट न लावता, आणि सावलीत दोरीवर चिमट्यानं लटकवायचो. उन्हात घातले की कागद वळतो. इंकजेटवाले बहुतेक गेले, शाई पाण्याबरोबर गेली. जुने स्टुडिओतले कृष्णधवल मात्र पुष्कळ वाचले.

एक बाई हरिपूरच्या होत्या. त्यांच्या आईचा एकच फोटो होता त्यांच्याकडं. पाण्यातनं काढला तेव्हा वरचा सगळा थर निघून गेला, चेहरा गेला, खांदा गेला, खालचा भाग राहिला, मांडीवर ठेवलेले दोन हात. मला काय बोलावं सुचेना, म्हणलं ताई, माफ करा. त्यांनी तो तसाच ओला तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ह्या पाटल्या तिनं माझ्या लग्नात मोडल्या. मला फोटोतल्या त्या हातात काहीतरी आहे एवढंच दिसत होतं, पाटल्या त्यांनी सांगितल्यावर दिसल्या. त्या फोटोला वर्तमानपत्राच्या घडीत घालून, पिशवीत उभा धरून घेऊन गेल्या.

तुमच्या २१२ मध्ये काय आहे ते तुम्ही आणि बहीण सोडून दुसऱ्या कुणाला पूर्ण दिसणार नाही, आणि आज दिसलं नाही म्हणून पुढं दिसणार नाही असंही नाही.

राहिलं एक काम, ते मात्र या आठवड्यात करा. जुन्या फोनची बॅटरी कपाटात पडून पडून फुगते, मग तो चालूच होत नाही, आणि आत्ता ते फोटो त्या एकाच फोनमध्ये आहेत. मुलाला नाहीतर भाच्याला बसवा, तुम्ही स्क्रीनकडं बघू नका, त्याला म्हणा सगळा फोल्डर दोन पेनड्राइव्हवर घे. एक तुमच्याकडं राहू दे, घरात वरच्या मजल्यावर. दुसरा बहिणीकडं पुण्याला पाठवा.